डायलिसिसची खेप आणि बसभाड्याचा हिशेब

पत्राचा सारांश : खानापूर तालुक्यात नंदगड-हलशीच्या बाजूला राहणाऱ्या एका भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे पती ४७ वर्षांचे असून पूर्वी गोव्यात गवंडीकाम करीत असत. दीड वर्षापूर्वी त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि बेळगावच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करण्यास सांगण्यात आले. डायलिसिस मोफत होते, पण जाण्यायेण्याचा खर्च झेपत नाही. कानडी येते म्हणून सोबत धाकटे दीर जातात. दोघांचे जाऊन-येऊन बसचे तिकीट २४० रुपये, स्टँडपासून दवाखान्यापर्यंत दोन्ही वेळची रिक्षा १४० आणि चहा-नाश्ता ७०, असे एका खेपेला ४५० रुपये लागतात. भगिनी स्वतः जात नाहीत, कारण आधार कार्डावर अजून माहेरचा, चंदगड तालुक्यातला पत्ता असल्यामुळे एकदा कंडक्टरने त्यांना महिलांच्या मोफत प्रवासाचे शून्य तिकीट नाकारले होते. मतदार ओळखपत्र सासरच्या गावचे आहे, पण ते ट्रंकेत पडून असते. सासूबाईंच्या नावावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे येतात. तीन महिन्यांपासून खर्च वाचवण्यासाठी या कुटुंबाने आठवड्यातली एक खेप बंद केली असून डॉक्टरांना ते सांगितलेले नाही. गेल्या महिन्यात एका रात्री पतींना धाप लागली, तेव्हा १,८०० रुपये देऊन गाडी करावी लागली. त्या विचारतात : "उपचार फुकट मिळत असताना भाड्यासाठीही हात पसरणे बरे दिसते का? आणि महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेत आमची गावे घेतली आहेत म्हणतात, तर कोल्हापूरला जावे का?"

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर वाक्य तुम्ही भाड्याच्या आकड्यांच्या मध्ये, जाता जाता लिहिले आहे. तीन महिन्यांपासून आठवड्यातली एक खेप बंद आहे आणि डॉक्टरांना ते ठाऊक नाही, हे ते वाक्य. बाकीचे सगळे मी त्यानंतर घेतो. निकामी मूत्रपिंडे जे पाणी, जे क्षार आणि जे पोटॅशियम शरीराबाहेर टाकू शकत नाहीत, ते डायलिसिसचे यंत्र काही तासांत बाहेर काढते. दोन खेपांमधले अंतर वाढले की पाणी फुप्फुसात साचून धाप लागते आणि पोटॅशियम वाढले तर हृदयाची लय बिघडू शकते. गेल्या महिन्यातली ती रात्र खंडामुळेच आली, असे मी घरबसल्या सांगू शकत नाही, ते डॉक्टरच सांगतील. परंतु त्यांना खंडाची माहितीच नसेल तर ते तरी काय सांगणार? काही रुग्णांना आठवड्यातून दोन वेळा डायलिसिस पुरते, हे खरे आहे. मात्र मूत्रपिंडांचे काम किती शिल्लक आहे हे तपासून डॉक्टरांनी तसे ठरवायचे असते. ते पाकिटाकडे पाहून ठरवता येत नाही. म्हणून पुढच्या खेपेला तुम्ही किंवा भाऊजींनी डॉक्टरांना एवढेच सांगावे : "भाड्यामुळे आमची आठवड्यातली डायलिसिसची एक खेप चुकते आहे, तीन महिने झाले." हे सांगताना लाज वाटेल, कोणी चार शब्द बोलेलही. तरी सांगा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. "उपचार फुकट मिळत असताना" हे शब्द तुम्ही ज्या पद्धतीने लिहिले आहेत, त्यावरून उपचार ही सरकारने दिलेली देणगी असून दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचणे ही आपली खासगी बाब आहे, असे तुम्ही धरून चाललेल्या दिसता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरीब रुग्णांना मोफत डायलिसिसची सोय आहे, परंतु ज्याला आठवड्यातून तीन वेळा यंत्राजवळ पोहोचता येत नाही त्याच्यासाठी ती सोय कागदावरच राहते. भाडे हा उपचाराचाच खर्च आहे. औषध संपले तर तुम्ही डॉक्टरांना विचारता, तसेच भाडे संपले तर विचारायचे. त्यात हात पसरण्यासारखे मला काही दिसत नाही.

मागण्याच्या आधी मात्र हिशेब एकदा पुन्हा मांडून पाहू, कारण तुमच्या ४५० रुपयांतला बराचसा खर्च आजाराचा नसून सोबत कोण जातो याचा आहे. आठवड्याची एक खेप गाळून तुमचे महिन्याला साधारण १,९५० रुपये वाचतात. उलट भाऊजींच्या जागी घरातली बाई सोबत गेली, तर तिला बसचे तिकीट लागणार नाही. कर्नाटकातील 'शक्ती' योजना ११ जून २०२३ पासून लागू आहे आणि राज्याच्या रहिवासी महिलांना परिवहन महामंडळाच्या साध्या व एक्स्प्रेस बसमध्ये, तसेच शहर बसमध्ये, राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास करता येतो. म्हणजे खेपेमागे १२० रुपये तिथेच कमी झाले. सकाळी जाताना पतींच्या अंगात त्राण असते, तेव्हा स्टँडवरून शहर बसने जावे. परतताना थकवा असतो, तेव्हा रिक्षा करावी आणि त्याच पाळीला येणारा दुसरा रुग्ण स्टँडकडे येत असेल तर भाडे वाटून घ्यावे. डायलिसिसच्या खोलीत तीच तीच माणसे महिनोन्‌महिने भेटत असतात. आपल्या बाजूचा कोण आहे हे एकदा विचारले की पुरते. नाश्ता घरून डब्यात न्यावा, तोही डॉक्टरांनी सांगितलेल्या पथ्याचा. (स्टँडवर रुग्णाला प्रेमाने शहाळे पाजण्याची आपल्याकडे पद्धत आहे, डायलिसिसच्या रुग्णाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये, कारण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते.) असे केले तर एक खेप २०० रुपयांच्या आसपास बसेल आणि महिन्याच्या १३ खेपांना ५,८५० ऐवजी २,६०० रुपये लागतील. खेप चुकवून वाचतात त्यापेक्षा हे जास्त आहेत.

तुम्ही म्हणाल, माझ्या आधारवर चंदगडचा पत्ता आहे. कंडक्टरने तुम्हाला तिकीट काढायला लावले ते नियमाला धरूनच होते, कारण ही सवलत पाहताना कर्नाटकातला पत्ता पाहिला जातो. पण पत्ता दाखवण्यासाठी आधारच हवे असे नाही. कर्नाटकातील पत्ता असलेले, सरकारने दिलेले छायाचित्राचे ओळखपत्र चालते आणि मतदार ओळखपत्र हे तसेच ओळखपत्र आहे. ते ट्रंकेतून काढून पिशवीत ठेवा. सीमेपलीकडून लग्न होऊन आलेल्या कितीतरी लेकी-सुनांची हीच अडचण आहे; चंदगड, गडहिंग्लज, आजरा इकडचे माहेर आणि खानापूर, बेळगाव, निपाणीकडचे सासर असे नाते आपल्याकडे घरोघरी आहे आणि लग्नानंतर वर्षानुवर्षे कागद मात्र माहेरीच राहतात. म्हणून सवड काढून आधारवरचा पत्ताही बदलून घ्या. नवऱ्याच्या रेशन कार्डावर तुमचे नाव आहे की नाही तेही त्याच फेरीत पाहा, कारण आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा आधार आहे आणि तिथे रेशन कार्ड पाहिले जाते.

दुसरी अडचण तुमच्या रोजगाराची आहे, आणि ती मी लपवणार नाही. भांगलणीच्या किंवा लावणीच्या दिवसांत आठवड्याचे तीन रोज बुडाले तर तिकिटात वाचलेले पैसे रोजगारात जातील. तुम्ही ज्याची नोंद केलेली नाही ती गोष्ट म्हणजे आज भाऊजींचेही तीन रोज बुडत आहेत. ते बोलत नाहीत म्हणून तो खर्च नाही असे होत नाही. मला वाटते, तिन्ही खेपा एकाच माणसाच्या गळ्यात असू नयेत. सासूबाई आठवडी बाजाराला एकट्या खानापूरला जातात असे तुम्ही लिहिले आहे. मग त्या आठवड्यातून एकदा मुलासोबत बेळगावला का जाऊ शकणार नाहीत? त्यांचे ओळखपत्र इथलेच आहे, तिकीट लागणार नाही. एक खेप त्या, उरलेल्या दोन तुम्ही आणि कामाची फार घाई असेल त्या आठवड्यात तुमच्यातली एक भाऊजी, अशी वाटणी करून पाहा. तुमच्या गावात अजून पैऱ्याने कामे होत असतील, तर डायलिसिसचा तुमचा ठरलेला वार शेजारणींना सांगून ठेवा; त्या दिवशी त्यांनी तुमची पात धरावी आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांचा पैरा फेडावा.

सासूबाईंच्या नावावर येणाऱ्या गृहलक्ष्मीच्या महिन्याच्या २,००० रुपयांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, आणि त्या ओळीतला सल मला जाणवला. त्या पैशांतून मुलाचे भाडे निघावे असे तुम्हाला वाटते, पण मागायचे कसे हे कळत नाही. त्यांनी पैसे दडवले आहेत असे धरून बोलायला जाऊ नका. बहुतेक घरांत ते पैसे किराणा, विजेचे बिल आणि देणी यांतच जिरलेले असतात. त्यांना वर दिलेला हिशेब वाचून दाखवा, पैसे मागू नका. महिन्याला २,६०० लागतात आणि त्यातले कुठून किती येतील, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवायचे आहे, असे म्हणा. आई मुलासाठी काय करील हे सुनेने आधीच ठरवून टाकू नये.

कानडीची भीती मला समजते. आपल्या भागात अर्ज, फलक आणि पावत्या कानडीत असतात आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचा खिडकीपाशी जीव दडपतो. पण बेळगावच्या दवाखान्यांत मराठी समजणारी माणसे भेटतात, आणि रोजच्या डायलिसिसला बोलण्यासारखे फारसे नसते. पाळीचे कार्ड, वजन, रक्तदाब, झाले. कागद भरायचे असतात तेवढ्याच दिवशी भाऊजींनी यावे. उरलेले अर्ज गावातल्या आशाताईंकडून, शाळेतल्या गुरुजींकडून किंवा 'ग्राम वन' (Grama One) या सरकारी सेवा केंद्रातून भरून घेता येतात.

यानंतरचा प्रश्न खरे तर पहिला असायला हवा होता : दर वेळी बेळगावलाच जायला हवे का? कर्नाटकात अनेक तालुका रुग्णालयांत डायलिसिसची यंत्रे आहेत. तुमच्या गावाहून बेळगावला जाताना खानापूर वाटेतच लागते आणि तिथून पुढचे सुमारे २६ किलोमीटर, शिवाय बेळगावातली रिक्षा, हाच तुमचा मोठा खर्च आहे. खानापूरच्या तालुका रुग्णालयात जाऊन पाळी मिळेल का, प्रतीक्षा यादी असेल तर त्यात नाव घालता येईल का, हे विचारा आणि बेळगावच्या डॉक्टरांकडून तसे पत्र मागून घ्या. नाव घातल्याबरोबर पाळी मिळेलच असे नाही. एखाद्या रुग्णाची जागा रिकामी होईपर्यंत थांबावे लागते, पण नाव न घालणाऱ्याचा क्रमांक कधीच लागत नाही. तिकडे पाळी मिळाली तरी महिन्याच्या तपासणीसाठी तज्ज्ञ डॉक्टरांकडे बेळगावला जावे लागेल, तेव्हा रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरांची भेट एकाच दिवशी ठेवायला सांगा. तोवर बेळगावची पाळी तरी बसच्या वेळेला जुळणारी मागा. सकाळच्या पहिल्या पाळीसाठी पहिली बस मिळत नसेल आणि आदल्या रात्री पाहुण्यांकडे मुक्काम करावा लागत असेल, तर ते तंत्रज्ञांना सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही. घरच्या घरी पोटातून करायच्या डायलिसिसचाही एक प्रकार आहे. त्याला स्वच्छ खोली, नियमित सामान आणि शिकलेला हात लागतो, प्रत्येकाला तो चालत नाही, पण आपल्याला चालेल का एवढे विचारून ठेवावे.

कोल्हापूरचे थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतले, त्यावरून दोन्ही राज्यांत बरेच वादही झाले. ती योजना उपचारांच्या खर्चासाठी आहे. तुमचा उपचार आधीच मोफत आहे. तुम्हाला भाडे भारी पडते आहे. बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर आहे आणि तुमचे गाव तिथून बेळगावपेक्षाही लांब आहे, तेव्हा आठवड्यातून तीन वेळा तिकडे जाणे म्हणजे दुखणे घेऊन प्रवासाला निघणे होईल. पुढे कधी मोठी शस्त्रक्रिया करायची झाली, तर त्या योजनेचा विचार जरूर करा, मात्र कोणते रुग्णालय त्या योजनेत आहे आणि कोणता दाखला लागतो हे आधी विचारल्याशिवाय निघू नका. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना कोल्हापूर किंवा मिरज जवळ पडते. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की 'शक्ती'चे शून्य तिकीट कर्नाटकाच्या हद्दीपुरते आणि महाराष्ट्राच्या एस.टी.तले महिलांचे अर्धे तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपुरते असते, म्हणून सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडचा व पलीकडचा हिशेब वेगवेगळा करावा.

रेल्वेची सवलत फार थोड्यांना माहीत असते. २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली, पण रुग्णांची सवलत चालू राहिली. डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला द्वितीय श्रेणी व शयनयान डब्याच्या भाड्यात ७५ टक्के सूट मिळते. कर्करोग, थॅलेसेमिया आणि हृदय शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठीही अशा सवलती आहेत. रुग्णालयाकडून ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र भरून घ्यावे लागते आणि तिकीट खिडकीवर काढावे लागते. खानापूर ते बेळगाव एवढ्या अंतरात त्याने वाचून वाचून किती वाचणार? पण उद्या हुबळीला किंवा बंगळुरूला पाठवले, तर दोघांच्या भाड्यात मोठा फरक पडेल. तुमच्या पतींचे वय ६० असते, तर कर्नाटकच्या बसमध्ये त्यांना २५ टक्के सवलत मिळाली असती. ज्यांच्या घरी वडील किंवा सासरे दवाखान्याला जातात त्यांनी ती मागावी, कारण न मागता पूर्ण तिकीट फाडले जाते. गरोदर स्त्रिया आणि एक वर्षापर्यंतची आजारी बाळे यांना सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याची मोफत सोय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे, तिच्यासाठी आशाताईंना आधीच सांगून ठेवावे.

आणि त्या रात्रीबद्दल. धाप लागलेल्या माणसासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. ठरलेल्या पाळीला जाण्यासाठी तिला बोलावू नये, पण त्या रात्री तिला फोन करायला हवा होता. तुमचे गाव आडबाजूला असल्याने ती यायला वेळ लागेल असे वाटत असेल, तर आधी फोन करा आणि दुसऱ्या गाडीची सोय करत राहा. गाडी मिळाल्यावर फोन करू, असे म्हणू नका.

इतके करूनही महिन्याला २,६०० रुपये लागतातच, आणि तिथे मागण्याचा प्रश्न येतो. सरकारी रुग्णालयांत आरोग्य रक्षा समिती असते आणि तिच्या हाती थोडा निधी असतो. अत्यंत गरीब रुग्णाच्या प्रवासासाठी काही देता येईल का, असा एक पानी अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यावा. गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती असते, तिलाही वर्षाला थोडी रक्कम मिळते आणि आशाताई तिच्या कामात असतात. या दोन्ही ठिकाणी नकार मिळू शकतो, रक्कम लहान असू शकते. आमदारांच्या शिफारशीने मुख्यमंत्री मदतनिधीकडे केलेले अर्ज मुख्यतः रुग्णालयाच्या बिलांसाठी असतात, त्यामुळे भाड्यासाठी त्यांच्या मागे फिरण्यात दिवस घालवू नयेत असे माझे मत आहे. त्यापेक्षा तुमचा बचत गट, गावचे गणेश मंडळ किंवा गोव्यात पतींसोबत काम केलेले गवंडी यांना नेमकी गोष्ट मागा. "मदत करा" असे सांगितले की समोरचा माणूस गडबडतो आणि पन्नासाची नोट काढून मोकळा होतो. "दर महिन्याच्या चार खेपांचे भाडे, ८०० रुपये, सहा महिने" असे सांगितले की त्याला काय द्यायचे ते समजते आणि तुम्हालाही दर वेळी तोंड उघडावे लागत नाही. पासाचीही चौकशी करा, पण मासिक पास रोज प्रवास करणाऱ्यासाठी असतो. १३ दिवसांच्या प्रवासाला तो परवडतो का, हे स्टँडवर आकडे विचारून मगच काढा.

या आठवड्यात मतदार ओळखपत्र पिशवीत ठेवून एका खेपेला तुम्ही स्वतः जा. कंडक्टरला ते आधी दाखवा, मग गावाचे नाव सांगा. दवाखान्यात पोहोचल्यावर बंद पडलेली तिसरी पाळी पुन्हा मागा, आणि परतताना खानापूरला उतरून तालुका रुग्णालयात नाव घालून या.